मिको निघून गेल्यावर

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलचा आंतर-काउंटी हंगाम आता जुलैअखेर संपतो आणि ज्या काउंटीच्या वाट्याला त्या वर्षी केवळ पराभव आले, तिथे ऑगस्ट उजाडताच नव्या व्यवस्थापकाचा शोध सुरू होतो. जुना व्यवस्थापक पायउतार होतो, काउंटी बोर्ड चार-पाच जणांची समिती नेमते आणि गावोगावी नावांची चर्चा रंगते. त्या नावांत काउंटीतल्याच एखाद्या क्लबात वीस वर्षे मुलांना खेळ शिकवणारा माणूस क्वचित असतो. साठी ओलांडलेला, दुसऱ्या काउंटीला ऑल-आयर्लंड म्हणजे देशाचे अजिंक्यपद मिळवून दिलेला आणि घरी बसवत नाही म्हणून पुन्हा मैदानात उतरायला तयार असलेला एखादा पाहुणा मात्र हमखास असतो. अशा ज्येष्ठ पाहुण्याला बोलावणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्याकडून जे मागितले जाते ते मात्र तो देऊ शकत नाही आणि जे तो खरोखर देतो ते जपून ठेवण्याची तजवीज बोलावणारे करत नाहीत, असे माझे मत आहे. गेल्या पस्तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर या मताला पुरेसा आधार सापडतो.

या शोधाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी आधी या खेळाची रचना लक्षात घ्यावी लागते. १८८४ साली थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तिचे दोन आधार तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहेत. खेळाडू आपल्या गावच्या क्लबाचा आणि म्हणून आपल्या काउंटीचा असतो, आणि त्याला खेळण्याबद्दल पगार मिळत नाही. आठवडाभर शाळेत शिकवणारा, इमारतींवर काम करणारा किंवा बँकेत बसणारा तरुण रविवारी डब्लिनमधल्या ब्याऐंशी हजार प्रेक्षकांच्या क्रोक पार्क मैदानावर उतरतो आणि सोमवारी पुन्हा कामावर जातो. रणजी करंडकात वासिम जाफर जसा मुंबई सोडून विदर्भाकडून खेळला, तशी वाट इथे जवळजवळ बंदच आहे. दुबळ्या काउंटीला आघाडीचा खेळाडू बाहेरून आणता येत नाही. तिला बाहेरून आणता येतो तो फक्त व्यवस्थापक. ज्या व्यवहारात एकच वस्तू खरेदी करता येते, तिथे सगळ्या इच्छा त्या एका वस्तूवर जाऊन बसतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाच्या अंगातल्या बिनबाह्यांच्या जाकिटावर आयरिश भाषेत ‘बानिश्तोर’ म्हणजे व्यवस्थापक असे लिहिलेले असते. त्या एका शब्दाकडून काउंट्या प्रशिक्षक, निवडकर्ता, निधी गोळा करणारा आणि चमत्कार करणारा अशा सगळ्यांच्या अपेक्षा करतात.

या परंपरेतला सर्वांत मोठा पाहुणा म्हणजे केरीच्या वॉटरव्हिल गावचे मिक ओड्वायर. साऱ्या आयर्लंडला ते ‘मिको’ या नावाने माहीत होते. एप्रिल २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी ते वारले. खेळाडू म्हणून चार आणि व्यवस्थापक म्हणून १९७५ ते १९८६ या काळात आठ ऑल-आयर्लंड विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत आणि ती सर्व केरीसाठी मिळवलेली आहेत. केरी ही या खेळातली सर्वाधिक विजेतेपदे मिळवणारी काउंटी आहे. तिथे हाताशी असाधारण खेळाडूंची एक पिढी होती, तेव्हा आठ विजेतेपदांचे श्रेय कोणाला किती द्यायचे यावर वाद घालता येतो आणि तो घातलाही गेला. म्हणूनच मला त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध अधिक बोलका वाटतो. केरी सोडल्यावर ते किल्डेअर, लीश, विकलो आणि अखेरीस क्लेअर अशा चार काउंट्यांत गेले. त्यांतल्या एकीतही केरीसारखी पुण्याई नव्हती.

किल्डेअरची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. ऑल-आयर्लंड विजेत्याला दिला जाणारा सॅम मॅग्वायर करंडक १९२८ साली पहिल्यांदा उंचावला तो किल्डेअरने. त्यानंतर १९३५ ची अंतिम लढत हरल्यावर ही काउंटी अंतिम फेरीत दिसलीच नाही आणि लेन्स्टर प्रांताचे विजेतेपदही १९५६ नंतर तिला मिळाले नाही. १९९० मध्ये ओड्वायर आले तेव्हा एवढा मोठा माणूस आपल्या दारी आला याचेच लोकांना इतके अप्रूप वाटले की सराव पाहायलाही गर्दी होऊ लागली. पण पुढच्या चार वर्षांत किल्डेअरने काय जिंकले? मोठे असे काहीच नाही. लीग या अजिंक्यपदाहून वेगळ्या स्पर्धेची १९९१ ची अंतिम लढत डब्लिनने जिंकली, १९९२ आणि १९९३ च्या लेन्स्टर अंतिम लढतीही डब्लिननेच जिंकल्या आणि १९९४ मध्ये ओड्वायर निघून गेले. दोन वर्षांनी काउंटीने त्यांना पुन्हा बोलावले. १९९७ मध्ये मीथविरुद्धची लेन्स्टरची उपांत्य लढत दोनदा बरोबरीत सुटून तिसऱ्यांदा हातची गेली. मग १९९८ उजाडले. त्या वर्षी किल्डेअरने १९९५ चे विजेते डब्लिन, १९९६ चे विजेते मीथ आणि १९९७ चे विजेते केरी या तिघांनाही एकाच उन्हाळ्यात हरवले. यांतली केरी म्हणजे ओड्वायर यांचे स्वतःचे घर, हे वेगळे सांगायला नको. बेचाळीस वर्षांनी लेन्स्टरचे विजेतेपद आले. अंतिम लढतीत मात्र गॉलवेने १-१४ विरुद्ध १-१० असे हरवले. या खेळात तेव्हा गोलाचे तीन आणि गोलखांबांच्या मधून आडव्या दांडीवरून मारलेल्या चेंडूचा एक असे गुण मोजत, म्हणजे फरक चार गुणांचा होता.

पहिल्या नेमणुकीपासून पहिल्या विजेतेपदापर्यंत आठ उन्हाळे गेले, हा या कथेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित तपशील आहे. आज कोणतीही काउंटी नव्या व्यवस्थापकाशी दोन किंवा तीन वर्षांचा करार करते आणि दुसऱ्या वर्षाच्या वसंतात लीगमध्ये चार सामने हरले की बोर्डाच्या बैठकीत कुजबुज सुरू होते. ज्या माणसाचे उदाहरण देऊन ज्येष्ठ पाहुणे बोलावले जातात, त्या माणसालाच आजचे नियम लावले असते तर १९९८ घडलेच नसते. शिवाय त्या संघात काउंटीबाहेरून आलेले खेळाडूही होते. त्यांपैकी एक ओड्वायर यांचा मुलगा कार्ल. टिपरारीचे ब्रायन लेसी आणि कॉर्कचे ब्रायन मर्फी हेही त्या संघात होते. खेळाडू बाहेरून आणता येत नाहीत या नियमाची फट किल्डेअरने पुरेपूर वापरली, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते. मला त्यात अपराध दिसत नाही, पण एकट्या मिकोंच्या जादूची कथा त्यामुळे थोडी विरळ होते हे खरे.

मग ओड्वायर यांनी नेमके काय दिले? त्यांच्या डावपेचांची कोणी फारशी वाखाणणी केली नाही. नंतरच्या काळात खेळाचे विश्लेषण संगणकावर होऊ लागले तेव्हाही ते मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे, पळवणारे, चेंडू लांब मारा म्हणणारे जुन्या वळणाचे गुरुजीच राहिले. त्यांनी जे दिले त्याला आपल्याकडे भरवसा हाच शब्द आहे. आठ करंडक जिंकलेला माणूस वॉटरव्हिलहून तीनशेच्या वर किलोमीटर गाडी चालवत सरावाला येतो आणि त्याच वेळी वीस मिनिटांवर राहणारा खेळाडू दांडी मारतो, ही लाज प्रभावी ठरते. ज्या काउंटीत प्रतिभावान तरुण संघात यायला नकार देत होते, कारण हरायलाच जायचे तर हिवाळ्यातल्या रात्री कशाला वाया घालवायच्या, तिथे ते तरुण आता बोलावण्याची वाट पाहू लागले. पगार नसलेल्या खेळात याला फार मोठी किंमत आहे. पैशाने बांधलेला खेळाडू निदान पैशासाठी तरी येतो, पण हौशी खेळाडू आपला वेळ सार्थकी लागेल अशी खात्री असेल तरच येतो. ती खात्री देण्याची ताकद काउंटीतल्या नवख्या माणसाकडे नसते, कारण तो स्वतःच त्या काउंटीच्या पराभवांतून घडलेला असतो. पाहुण्याच्या बाजूने केलेला हा युक्तिवाद मला पूर्णपणे मान्य आहे.

पण भरवशाला खाली काहीतरी लागते. विरजण कितीही उत्तम असले तरी दूधच नसेल तर दही लागत नाही. लीशचे उदाहरण घ्या. २००३ मध्ये ओड्वायर यांच्या पहिल्याच हंगामात लीशने लेन्स्टर जिंकले, तेही १९४६ नंतर प्रथमच आणि तेही त्यांच्याच जुन्या किल्डेअरला हरवून. वर्तमानपत्रांना मथळा आयताच मिळाला आणि पहिल्याच वर्षी चमत्कार ही दंतकथा पक्की झाली. परंतु लीशच्या कुमार संघाने १९९६ आणि १९९७ अशी सलग दोन वर्षे ऑल-आयर्लंड जिंकले होते, हे त्या मथळ्यात नव्हते. अठरा वर्षांखालील मुलांचे ते दोन संघ २००३ मध्ये पंचविशीच्या आसपास पोचले होते, म्हणजे या खेळात खेळाडू ज्या वयात सर्वांत भरात असतो नेमके त्या वयात. ती मुले कोणी घडवली? ज्यांची नावे आज काउंटीबाहेर कोणाला आठवत नाहीत अशा शाळा आणि क्लबांतल्या प्रशिक्षकांनी. दूध त्यांनी तापवले आणि विरजण मिकोंनी लावले. आणि त्यांनी ते फार उत्तम लावले हेही तितकेच खरे, कारण त्याच मुलांना घेऊन आधीच्या वर्षांत लीशला काही करता आले नव्हते.

विकलोत दूधच थोडे होते. विकलो आणि फर्मॅना या दोनच काउंट्यांना आजवर फुटबॉलचे प्रांतिक विजेतेपद मिळालेले नाही. सत्तरीत असलेले ओड्वायर २००७ च्या हंगामासाठी तिथे गेले तेव्हा म्हातारचळ म्हणून हसणारेही होते. त्यांच्या काळात विकलोने २००७ मध्ये दुय्यम श्रेणीचा टॉमी मर्फी करंडक जिंकला, २००८ मध्ये क्रोक पार्कवरचा काउंटीच्या इतिहासातला पहिला अजिंक्यपद-विजय मिळवला आणि २००९ मध्ये ऑक्रिम गावातल्या आपल्या छोट्या मैदानावर फर्मॅना, कॅव्हन आणि डाउन यांना ओळीने हरवले. हे आकडे लहान आहेत. त्या काउंटीतल्या माणसाला मात्र ते लहान वाटत नाहीत. ज्या बापाने आयुष्यभर आपल्या काउंटीला जूनपूर्वी बाद होताना पाहिले, त्याला जुलैच्या संध्याकाळी मुलाला खांद्यावर घेऊन जिंकलेल्या मैदानावर चालता आले, याची किंमत कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. पाहुणा व्यवस्थापक बोलावणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी असे म्हणणाऱ्यांनी विकलोचा तो उन्हाळा आठवून पाहावा. मी ते मत एकेकाळी बाळगून होतो आणि ते विकलोमुळेच मऊ झाले.

तरीही प्रश्न उरतोच की पाहुणा गेल्यावर काय झाले. किल्डेअरने २००० साली ओड्वायर यांच्याच हाताखाली पुन्हा लेन्स्टर जिंकले आणि ते त्यांचे आजवरचे शेवटचे. लीशसाठी २००३ शेवटचे ठरले. पुढच्या वर्षी अंतिम लढतीत, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात, त्यांना वेस्टमीथने हरवले. वेस्टमीथचे ते इतिहासातले पहिलेवहिले लेन्स्टर विजेतेपद होते आणि त्यांचा व्यवस्थापक कोण, तर ओड्वायर यांच्याच केरी संघातून आठ ऑल-आयर्लंड जिंकलेला पाहुणा पॉडी ओ शे! गुरू-शिष्यांच्या त्या लढतीचे कौतुक अजून होते. वेस्टमीथलाही त्यानंतर वीस वर्षांत लेन्स्टर मिळाले नाही. हा नियम केवळ म्हाताऱ्या पाहुण्यांना लागू आहे असेही नाही. मेयोचे जॉन मॉन तरुण वयातच क्लेअरला गेले आणि १९९२ मध्ये केरीला हरवून १९१७ नंतरचे पहिले मन्स्टर प्रांताचे विजेतेपद त्यांनी क्लेअरला दिले. मेयोचेच जॉन ओमॅहनी यांनी १९९४ मध्ये लीट्रिमला १९२७ नंतरचे पहिले कॉनॉट प्रांताचे विजेतेपद दिले. क्लेअरला आणि लीट्रिमला पुढच्या तीस वर्षांत दुसरे मिळाले नाही. म्हणजे दोष व्यवस्थापकाच्या वयाचा नव्हता आणि तो परका असण्याचाही नव्हता. प्रत्येक घराने लागलेले दही मोठ्या आनंदाने संपवले, पण उद्याच्या विरजणासाठी वाटीभर बाजूला ठेवायचे राहून गेले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो न्याय्य आहे. लेन्स्टरमधल्या काउंट्यांनी काहीही केले असते तरी २००५ नंतर त्यांचा निभाव लागला नसता, कारण डब्लिन जागे झाले होते. २००५ ते २०२४ या वीस वर्षांत एक २०१० वगळता दरवर्षी लेन्स्टर डब्लिननेच जिंकले. सुमारे चौदा-पंधरा लाख वस्तीच्या डब्लिनपुढे दीड लाखाच्या विकलोने किंवा लाउथने काय करायचे? शिवाय या काळात डब्लिनला खेळाच्या प्रसारासाठी मध्यवर्ती आणि सरकारी निधीही इतरांपेक्षा फार अधिक मिळाला आणि त्या अन्यायाबद्दल बाकीच्यांनी केलेली ओरड रास्तच होती. पण त्या निधीचे डब्लिनने काय केले तेही पाहिले पाहिजे. त्यांनी बाहेरून थोर माणूस आणला नाही. त्यांनी क्लबाक्लबांत आणि शाळाशाळांत पूर्णवेळ प्रशिक्षक नेमले, सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती चेंडू दिला आणि व्यवस्थापक म्हणून पॅट गिलरॉय, मग जिम गॅव्हिन ही आपल्याच संघातून खेळलेली माणसे ठेवली. गॅव्हिन यांच्या हाताखाली डब्लिनने २०१५ ते २०१९ अशी सलग पाच ऑल-आयर्लंड विजेतेपदे मिळवली. शेजारच्या काउंट्या नावांच्या मागे धावत होत्या त्याच वर्षांत डब्लिन मुलांच्या मागे धावत होते. पैसा अधिक होता हे खरे. पण तोच पैसा मिळाला असता तर शेजाऱ्यांनी तो कुठे घातला असता, याची मला शंका आहे.

पैशाचा विषय निघालाच आहे तर त्यावर स्पष्ट बोलले पाहिजे. संघटनेच्या नियमांनुसार व्यवस्थापकालाही मोबदला घेता येत नाही. त्याला फक्त प्रवासाचा आणि इतर प्रत्यक्ष खर्च, पावत्या देऊन, परत मिळू शकतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पैसे दिले जातात हे आयर्लंडमध्ये पोराटोरांना माहीत आहे. या आरोपांची चौकशी करायला गेलेल्यांना टेबलाखालून दिलेले पैसे तर सोडाच, टेबलसुद्धा सापडले नाही, अशा आशयाची कोटी १९९० च्या दशकात संघटनेचे अध्यक्ष राहिलेले पीटर क्विन यांनी केली होती. ती पुढे इतकी उद्धृत झाली की तिच्यातला विनोद मेला आणि कबुली तेवढी उरली. २०१२ मध्ये महासंचालक पॉरिक डफी यांनी एक टिपण काढून तीन मार्ग मांडले: आहे तसे चालू द्यावे, नियम कडकपणे पाळावेत, किंवा व्यवस्थापकांना मर्यादित आणि उघड मोबदला द्यावा. संघटनेने तिसरा मार्ग नाकारला, दुसरा स्वीकारल्याचे जाहीर केले आणि व्यवहार पहिल्याच मार्गाने चालू राहिला.

मी तिसऱ्या मार्गाच्या बाजूचा आहे. त्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की व्यवस्थापकाला पैसे दिले तर शनिवारी सकाळी दहा वर्षांखालच्या पोरांना शिकवणाऱ्या, मैदानावर रेघा आखणाऱ्या आणि जर्सी धुणाऱ्या हजारो स्वयंसेवकांना काय सांगायचे? ही माणसे म्हणजे संघटनेचा कणा आहे आणि तो मोडला तर काहीच उरणार नाही, हे मान्य. पण ती माणसे दूधखुळी नाहीत. आपल्या काउंटीत कोणाला काय मिळते याचा अंदाज त्यांना असतोच. त्यांचा अपमान पैसे दिल्याने होतो त्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांदेखत ते लपवल्याने अधिक होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लपवलेल्या व्यवहाराला अटी घालता येत नाहीत. जो करार कागदावर नाही त्यात ‘कुमार संघाच्या प्रशिक्षकांना महिन्यातून एकदा सोबत घेऊन बसावे’ असे कलम लिहिता येत नाही. ‘काउंटीतले दोन तरुण सहायक म्हणून तयार करावेत’ किंवा ‘जाताना सरावाच्या नोंदी बोर्डाकडे सोपवाव्यात’ अशी अटही घालता येत नाही. पाहुण्याकडून मागे काही ठेवून घ्यायचे असेल तर आधी तो नोकरीवर आहे हे उघडपणे कबूल करावे लागेल. श्रीमंत काउंट्या बोली चढवतील ही भीती खरी आहे आणि त्यासाठी सर्वांना सारखी कमाल मर्यादा मध्यवर्ती संघटनेनेच ठरवून द्यावी. पस्तीस हजार वस्तीच्या लीट्रिमला आज काळोखात जी बोली लावावी लागते, तीपेक्षा उजेडातली मर्यादा केव्हाही परवडेल. सगळ्या काउंट्यांच्या संघांच्या तयारीवर मिळून वर्षाला चार कोटी युरोच्या घरात खर्च होत असताना एका माणसाच्या मानधनाचा आकडा तेवढा अपवित्र मानणे हे सोवळे आता पेलवत नाही.

पाहुण्याचे काम मागे कसे उरू शकते याचे अलीकडचे सर्वांत चांगले उदाहरण लाउथचे आहे. मिकी हार्ट यांनी टिरोनला २००३, २००५ आणि २००८ मध्ये ऑल-आयर्लंड मिळवून दिले, अठरा हंगाम तो संघ सांभाळला आणि २०२० च्या अखेरीस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी लाउथची सूत्रे घेतली. लाउथ तेव्हा लीगच्या चौथ्या म्हणजे सर्वांत खालच्या विभागात घसरले होते. २०१० च्या लेन्स्टर अंतिम लढतीत अखेरच्या क्षणी मीथला दिल्या गेलेल्या नियमबाह्य गोलाची जखम भरली नव्हती आणि प्रांतिक विजेतेपद १९५७ नंतर मिळाले नव्हते. हार्ट आणि त्यांचे सहकारी गॅव्हिन डेव्हलिन यांनी दोन हंगामांत संघ दुसऱ्या विभागात नेला आणि २०२३ मध्ये लेन्स्टरच्या अंतिम फेरीत पोचवला. तिथे डब्लिनने त्यांचा धुव्वा उडवला. मग त्याच सप्टेंबरात हार्ट अचानक लाउथ सोडून डेरीला गेले. आपला माणूस वैऱ्याच्या घरी गेला म्हणून टिरोनमध्ये संताप झाला आणि ज्यांना वाऱ्यावर सोडले त्या लाउथमध्ये अर्थातच अधिक झाला. तो संताप मला समजतो. हौशी खेळात व्यवस्थापक व्यावसायिकासारखा निघून जाऊ शकतो आणि खेळाडू मात्र जागचा हलू शकत नाही, ही विषमता त्या आठवड्यात उघडी पडली.

परंतु लाउथ कोसळले नाही. नवे व्यवस्थापक म्हणून त्यांनी डब्लिनचे माजी बचावपटू जेर ब्रेनन यांना आणले. तेही पाहुणेच, पण पिकलेल्या कीर्तीचे नव्हेत, उमेदवारी करणारे. २०२४ मध्ये लाउथ पुन्हा लेन्स्टरच्या अंतिम फेरीत होते आणि ऑल-आयर्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीतही पोचले. ११ मे २०२५ रोजी क्रोक पार्कवर त्यांनी मीथला ३-१४ विरुद्ध १-१८ असे हरवले आणि अडुसष्ट वर्षांचा दुष्काळ संपवला. मीथने उपांत्य फेरीत डब्लिनला आधीच वाटेतून दूर केले होते, ही मदत नाकारण्याचे कारण नाही. करंडक उचलणारा कर्णधार सॅम मलरॉय हार्ट यांच्या काळातही त्या संघाचा आधार होता. त्याच वर्षी लाउथच्या वीस वर्षांखालील संघानेही लेन्स्टर जिंकले आणि माझ्या लेखी ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी आहे. म्हाताऱ्या पाहुण्याने भरवसा दिला, तो भरवसा टिकेल असा दुसरा माणूस बोर्डाने शोधला आणि खालून मुले येत राहिली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी होणे किती दुर्मीळ आहे, हे वर मोजलेल्या काउंट्यांवरून दिसतेच.

म्हणून ऑगस्टमध्ये बसणाऱ्या त्या निवड समितीने उमेदवाराला ‘तुम्ही किती करंडक जिंकलेत’ हे विचारण्यात वेळ घालवू नये, कारण ते सगळ्या देशाला पाठ असते. तिने स्वतःच्या बोर्डाला विचारावे की गेल्या सहा-सात वर्षांत आपल्या कुमार आणि वीसखालच्या संघांनी काय केले, त्यांतली किती मुले अजून खेळतात आणि किती कामासाठी डब्लिनला, लंडनला किंवा ऑस्ट्रेलियाला निघून गेली. उत्तर बरे असेल तर खुशाल एखाद्या मिकोला गाठावे आणि दोन नव्हे, पाच वर्षांसाठी गाठावे. उत्तर वाईट असेल तर पाहुण्यावर जाणारा पैसा निदान तीन वर्षे मुलांवर घालावा आणि त्या काळात वरिष्ठ संघाच्या पराभवांची नालस्ती सोसण्याची तयारी ठेवावी. हे लोकप्रिय होणार नाही याची मला कल्पना आहे. बोर्डाची माणसे निवडून येतात आणि पराभव सोसून कोणी निवडून येत नाही.

किल्डेअरने मिकोंचा वारसा चालवण्याचा एक वेगळा प्रयत्नही करून पाहिला. १९९८ च्या संघाचे कर्णधार ग्लेन रायन यांना त्यांनी व्यवस्थापक नेमले आणि सोबतीला ओड्वायर यांच्याच तालमीतली माणसे दिली. कागदावर याहून योग्य निवड सापडली नसती. २०२४ मध्ये तो संघ लीगचे सातही सामने हरून तिसऱ्या विभागात गेला. भरवसा हा वंशपरंपरेने मिळत नाही, किंवा निदान त्या वर्षी तो मिळाला नाही. त्यानंतर बोर्डाने ब्रायन फ्लॅनॅगन यांना बोलावले. २०२३ मध्ये किल्डेअरच्या वीस वर्षांखालील संघाने ऑल-आयर्लंड जिंकले तेव्हा हे फ्लॅनॅगन त्या मुलांचे व्यवस्थापक होते. काउंटीबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी ऐकलेले नव्हते. २०२५ मध्ये किल्डेअर लीगच्या दुसऱ्या विभागात परतले आणि जुलैत क्रोक पार्कवर त्यांनी दुय्यम श्रेणीचा टेलटन करंडक जिंकला. मिकोंना जाऊन तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते.